‘सॅडली’ नेमकं कुठे म्हणायचं?

पत्र

ताई, मी मूळची मिरजेची. नर्सिंगचं शिक्षण आणि पहिली नोकरी तिथेच. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पास होऊन इंग्लंडला आले आणि आता लँकेशायरमधल्या एका हॉस्पिटलात वयस्कर रुग्णांच्या वॉर्डात आहे. काम जमतं, पण एका शब्दाने मला हैराण केलंय. आमच्याकडचे एक आजोबा रात्रपाळीत गेले. त्यांच्या मुलीला फोन मी केला आणि म्हटलं, ‘सॅडली, युअर डॅड इज नो मोर.’ पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, ‘नो मोर व्हॉट?’ पुढे मला बोलताच येईना. मॅनेजरने नंतर मायेनेच समजावलं, पण नेमकं काय बिघडलं ते मला उमगलं नाही.

त्याआधी माझ्या नोट्समधलं ‘वाइफ लुक्ड सॅडली’ दुरुस्त करायला लावलं होतं. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला ‘सॅडली, फार्मसीची औषधं आली नाहीत’ म्हटलं, तर दोघीजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एका नातेवाइकाच्या पत्रात ‘द केअर वॉज सॅडली लॅकिंग’ असं होतं. मला वाटलं, बिचारा हळहळून लिहितोय. मैत्रीण म्हणाली, अगं, ही कडक तक्रार आहे! आता त्या मुलीला कार्ड पाठवायचंय, पण पेन उचलायचीच भीती वाटते. मला खरंच वाईट वाटतं ताई, पण ते इंग्रजीतून बाहेर पडताना भलतंच काहीतरी होतं.

— एक परिचारिका, लँकेशायर

उत्तर

तुझं पत्र वाचलं आणि आधी त्या फोनबद्दलच बोलावंसं वाटलं, कारण तुला खरी टोचणी त्याचीच आहे. त्या वाक्यात ‘सॅडली’चा काही दोष नव्हता. गडबड केली ती ‘नो मोर’ने.

आपल्याकडे मरणाचा उच्चार कुणी सरळ करत नाही. माणूस ‘जातो’, ‘वारतो’, त्याला ‘देवाज्ञा होते’. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत शिरलो आणि ‘इज नो मोर’, ‘एक्सपायर्ड’, ‘सॅड डिमाइझ’ हे शब्द रुळवले. मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलात ‘पेशंट एक्सपायर्ड’ म्हटलेलं सगळ्यांना कळतं. तिकडे मात्र एक्सपायर होतं ते दूध नाहीतर पासपोर्ट. ‘सॅड डिमाइझ’ तर आपल्या ‘दुःखद निधन’ची सहीसही छाप आहे. तिथल्या माणसाला ते समजेल, पण घरच्या माणसाबद्दल इतकं कोरडं का बोलतात, असं त्याला वाटेल. आणि झोपेतून उठून फोन घेतलेल्या मुलीच्या कानावर ‘नो मोर’ पडलं, तर ती वाक्य पुरं होण्याची वाट बघणार. ती तुझ्यावर रागावली नव्हती गं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

म्हणून तिथल्या प्रशिक्षणात ‘डाइड’ हाच शब्द वापरा म्हणून सांगतात. ‘पास्ड अवे’ कानाला मऊ लागतं आणि कुटुंबातली माणसं ते आपापसात खुशाल म्हणतात. पण बातमी पहिल्यांदा देणाऱ्याने ‘डाइड’च म्हणायचं. ‘वी लॉस्ट हिम’ म्हटलं, तर हादरलेल्या माणसाला वाटू शकतं की वडील वॉर्डातून कुठेतरी निघून गेलेत आणि शोधाशोध चालली आहे.

पुढच्या वेळी असा फोन करायची वेळ आली तर हा क्रम ठेव. आधी तू कोण, कुठून बोलतेस ते सांग आणि पलीकडे नक्की तीच व्यक्ती आहे ना, याची खात्री कर. ती गाडी चालवत नाही ना, जवळ कुणी आहे का, हे विचार. मग म्हण, ‘आय ॲम अफ्रेड आय हॅव सम व्हेरी बॅड न्यूज.’ इथल्या ‘अफ्रेड’चा भीतीशी संबंध नाही. पुढे वाईट ऐकायचंय, मन घट्ट कर, एवढाच इशारा त्यात असतो. क्षणभर थांब. नंतर एका दमात, एकाच वाक्यात सांग: ‘युअर डॅड डाइड धिस मॉर्निंग, जस्ट आफ्टर फोर.’ आणि मग, ‘आय ॲम सो सॉरी.’ त्यापुढे गप्प राहा. पलीकडची शांतता भरून काढायला जाऊ नकोस. बातमीआधी असा इशारा देण्याची रीत तिथे डॉक्टर-नर्सेसना शिकवतातच. 2000 साली कर्करोगतज्ज्ञांनी मांडलेल्या ‘स्पाइक्स’ नावाच्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीतही ती आहे. तुमच्या ट्रस्टमध्ये, म्हणजे तुमचं हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेत, याचं प्रशिक्षण मिळत असेल तर नाव नोंदव.

मी इथे ‘सॅडली’ मुद्दामच घातलं नाही. ‘सॅडली, युअर डॅड डाइड’ हे इंग्रजी अगदी बिनचूक आहे आणि तिथले डॉक्टर रोज तसं लिहितातही. पण ‘सॅडली’ कुणीही म्हणू शकतो. 2020 मध्ये कोविडच्या काळात ब्रिटिश सरकारच्या रोजच्या पत्रकार परिषदेत मृतांचा आकडा सांगताना हाच शब्द यायचा: सॅडली, इतके इतके मृत्यू झाले. बोलणाऱ्याच्या मनात दुःख नसेल असं नाही, पण आकड्यामागे रोज लागून लागून तो शब्द झिजला. ‘आय ॲम सो सॉरी’मध्ये ‘मी’ आहे. त्या आजोबांचं अंग पुसणारी, त्यांना चमच्याने पाणी पाजणारी तू. तुझं वाईट वाटणं तुझ्या नावानिशी पोचायला हवं.

आता शब्दाकडे येऊ. ‘सॅडली’ची कामं तीन आहेत आणि तुझ्या पत्रात तिन्ही आलीत, फक्त एकमेकांच्या जागेवर.

वाक्याच्या तोंडाशी, पुढे स्वल्पविराम देऊन आला, तर तो बोलणाऱ्याच्या मनातलं सांगतो: जे घडलं ते वाईट झालं. वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला चिकटून आला, तर कर्त्याच्या मनातलं सांगतो. तुझ्या वॉर्डातलंच उदाहरण घे. एक रुग्ण डॉक्टर नको म्हणत असताना घरी जायचा हट्ट धरतो आणि सेल्फ-डिस्चार्जच्या फॉर्मवर सही करतो. ‘सॅडली, ही साइन्ड द फॉर्म’ म्हणजे त्याने सही केली, हे काही बरं झालं नाही. वाईट तुला वाटतंय. तो कदाचित शीळ घालत गेला असेल. ‘ही साइन्ड द फॉर्म सॅडली’ म्हणजे त्याने जड मनाने सही केली. इथे दुःख त्याचं, तुझा त्याच्याशी संबंध नाही. ‘ही सॅडली साइन्ड द फॉर्म’ असं मधोमध टाकलंस, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? दोन्ही अर्थ निघतात. एकदा सांगून विसरून जाण्याच्या गप्पांत हे चालून जातं, पण लेखी कागदावर शब्द मधे टाकू नकोस. अपवाद ‘ही सॅडली डाइड’चा. ब्रिटनमध्ये ते इतकं रुळलंय की कुणी अडखळत नाही. ‘ही डाइड सॅडली’ मात्र नको. त्यातून तो रडतरडत मेला, असा काहीतरी विचित्र अर्थ निघतो.

शाळेत तुला कुणीतरी शिकवलं असेल की वाक्याची सुरुवात अशा शब्दाने करू नये. इंग्रजीत असा वाद खरोखरच झाला, पण तो मुख्यतः ‘होपफुली’वरून. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने 2012 मध्ये त्यालाही मान्यता दिली. ‘सॅडली’ला त्या भांडणाची झळ फारशी लागलीच नाही. तेव्हा तोंडाशी बिनदिक्कत घाल.

‘वाइफ लुक्ड सॅडली’चं उत्तर तुझ्या मराठीतच आहे. आपण ‘ती उदासपणे दिसली’ म्हणतो का? ‘ती उदास दिसली’ म्हणतो. आणि ‘तिने उदासपणे खिडकीबाहेर पाहिलं’ हे मात्र बरोबर. इंग्रजीतल्या ‘लुक’ला हे दोन्ही अर्थ आहेत, दिसणं आणि पाहणं. दिसली तर ‘लुक्ड सॅड’, पाहिलं तर ‘लुक्ड सॅडली ॲट’. फील, सीम, साउंड या सगळ्यांचं गणित दिसण्यासारखं: ‘आय फील सॅड’, ‘शी साउंडेड सॅड’. लिहिताना अडलीस तर वाक्य मनात मराठीत म्हणून बघ. तिथे ‘-पणे’ बसलं नाही, तर इंग्रजीतही ‘-ली’ लावू नकोस.

पण तुझ्या मॅनेजरच्या जागी मी असते तर ‘लुक्ड सॅड’वरही थांबले नसते. व्याकरण सुधारलं, नोंद सुधारली नाही. नोंदीत अंदाज नको, हे तुम्हा नर्सेसच्या आचारसंहितेतच आहे. एनएमसी, म्हणजे तिथली नर्सेसची नियामक संस्था, हिच्या कोडमध्ये ‘स्पेक्युलेशन’ टाळा असं स्पष्ट म्हटलंय. पत्नी उदास दिसली, हा तुझा अंदाज. ती काय करत होती? समज, ती पलंगाशी बसून रडत होती, चहा घेतला नाही आणि ‘आय डोन्ट नो हाउ आय विल मॅनेज ॲट होम’ असं म्हणाली. मग तेवढंच लिही, तिचे शब्द अवतरणात घालून. रात्रपाळीच्या नर्सला त्यावरून समजेल की हिच्याशी घरच्या मदतीबद्दल बोलायला हवं. ‘सॅड’ वाचून तिला काय कळणार? त्याच न्यायाने नोंदीत तोंडाशी ‘सॅडली’ही नको. तिथे तुझ्या मनातलं विचारलेलं नसतं.

तिसरं काम ‘सॅडली लॅकिंग’वालं. इथे हळहळ नावालाच उरते. विशेषणाच्या किंवा तशाच शब्दाच्या आधी बसून ‘सॅडली’ प्रमाण सांगतो: फार, आणि जितकं होऊ नये तितकं. ‘सॅडली लॅकिंग’ म्हणजे फारच कमी पडली, अजिबात शोभणारं नव्हतं. ‘सॅडली निग्लेक्टेड’ म्हणजे पार दुर्लक्ष झालेलं. ‘यू आर सॅडली मिस्टेकन’ म्हणजे तुमचा सपशेल गैरसमज झालाय, आणि हे म्हणणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो. तुझी मैत्रीण बरोबर म्हणाली, ती कडक तक्रार होती. शब्द सौम्य, आवाज न चढवता लिहिलेले, पण इंग्रज माणूस अशा शब्दांत तक्रार लिहितो तेव्हा तो मनातून फार दुखावलेला असतो. त्या कागदाकडे गंभीरपणे बघ. या गटातला एकच प्रेमळ प्रयोग तुला वरचेवर दिसेल, तो तिथल्या वर्तमानपत्रांच्या श्रद्धांजलीच्या रकान्यात: ‘सॅडली मिस्ड बाय ऑल द फॅमिली’. सगळ्या घराला फार आठवण येते, असं.

या शब्दाला एवढं वजन आलं कुठून, हे मला स्वतःला फार आवडणारं प्रकरण आहे, म्हणून थोडं सांगते. जुन्या इंग्रजीत ‘सॅड’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘झट’ (satt) आजही भरल्या पोटालाच म्हणतात. भरलेला म्हणून जड, जड म्हणून घट्ट आणि स्थिर, स्थिर म्हणून गंभीर, आणि गंभीर चेहऱ्यावरून शेवटी दुःखी. शेक्सपिअरच्या काळात ‘सॅडली’ म्हणजे गंभीरपणे, असाही अर्थ चालायचा. जुन्या भरीव लोखंडी इस्त्रीला ‘सॅड आयर्न’ म्हणायचे ते ती जड म्हणून. आणि तू राहतेस त्या लँकेशायरमध्ये, बर्नली-रॉसेनडेलच्या बाजूला, ‘सॅड केक’ मिळतो. न फुगलेला, दडस, चपटा. खाऊन बघ एकदा. तक्रारीतला ‘सॅडली’ थेट या जडपणातूनच आला, असं मी म्हणत नाही. पण हा शब्द कानावर पडला की नुसतं रडू आठवू नकोस, वजनही आठव. म्हणजे ‘सॅडली लॅकिंग’ वाचताना पुन्हा घोटाळा होणार नाही.

तुझ्या भागात आहेस म्हणून आणखी एका ‘-ली’ची गोष्ट सांगते. तू विचारलं नाहीस, तरी हा मुद्दा जिवावरचा आहे. ‘पुअरली’. दिसायला क्रियाविशेषण, पण तिथे ते ‘आजारी’ या अर्थाचं विशेषण म्हणून चालतं. लहान मुलाला सर्दी झाली तरी ‘ही इज पुअरली’. पण वॉर्डात कन्सल्टंटने, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरने, ‘शी इज व्हेरी पुअरली’ म्हटलं, तर ती अत्यवस्थ आहे, कदाचित वाचणार नाही, घरच्यांना बोलावून घ्या, असं त्यात येतं. आपण इथे ‘पुअर’ म्हणजे गरीब किंवा कमी दर्जाचं असं शिकलेलो असतो. तेव्हा हे वाक्य कानावर आलं की लगेच पलंगाकडे जा. उत्तर इंग्लंडच्या जुन्या बोलीत ‘सॅडली’सुद्धा असाच, तब्येत बरी नसल्याच्या अर्थाने वापरत. एखाद्या नव्वदीच्या आजीने ‘आय हॅव बीन सॅडली’ म्हटलं, तर ती मन नाही, अंग दुखल्याचं सांगत असेल. सरळ विचार तिला.

आता फार्मसी. औषधं उशिरा आली तर ‘अनफॉर्च्युनेटली’ म्हणायचं किंवा नुसतंच ‘द मेड्स आर नॉट अप यट’. आपल्या ‘दुर्दैवाने’चंही तेच आहे. लिफ्ट बंद, स्कॅन पुढे ढकललं, ॲम्ब्युलन्स अडकली, ही गैरसोय. तिथे ‘सॅडली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी गेलं की काय. त्या दोघी म्हणून दचकल्या. तुझं इंग्रजी त्यांना वेडंवाकडं वाटलं असं मनात आणू नकोस.

इथे मात्र मी जरा अडून बसणार आहे. एक जागा अशी आहे जिथे ‘सॅडली’ही नको आणि ‘अनफॉर्च्युनेटली’ही नको. चूक आपल्या हातून, आपल्या वॉर्डाच्या हातून झाली असेल ती जागा. ‘सॅडली, युअर मदर वॉज नॉट गिव्हन हर इव्हिनिंग डोस.’ व्याकरणात काही खोट नाही. पण हे वाक्य असं वागतं की डोस चुकणं म्हणजे पाऊस पडण्यासारखं आपोआप घडलं. नातेवाइकाला हे लगेच जाणवतं आणि मग ‘सॅडली लॅकिंग’वाली पत्रं येतात. तुझ्या हातातल्या त्या पत्राआधी त्या माणसाला कुणी ‘वी आर सॉरी’ म्हटलं होतं का, हे मला बघायला आवडेल.

आपल्याकडून गेलेल्या मुलींना वाटतं की सॉरी म्हटलं म्हणजे गुन्हा कबूल केला, नोकरी जाईल. इंग्लंडच्या कायद्यात तसं नाही. 2006 च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये लिहिलंय की नुसती माफी मागणं म्हणजे हलगर्जीपणाची कबुली ठरत नाही. उलट 2014 पासून एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ट्रस्टवर ‘ड्युटी ऑफ कँडर’ आहे, म्हणजे उपचारात काही चुकून रुग्णाला मध्यम किंवा गंभीर इजा झाली तर ते उघडपणे सांगून माफी मागण्याचं कायद्याने घातलेलं बंधन. त्याखालची औपचारिक प्रक्रिया वरिष्ठ सांभाळतात. तुझ्या पातळीवर काही चुकलं तर आधी प्रभारी नर्सला सांग, नोंद कर, आणि रुग्णाशी बोलताना कर्ता लपवू नकोस: ‘वी मिस्ड युअर मदर्स इव्हिनिंग डोस. आय ॲम सॉरी. द डॉक्टर हॅज चेक्ड हर.’ तीन छोटी वाक्यं. काय झालं, आम्हाला त्याचं काय वाटतं, आता पुढे काय केलंय. ‘सॅडली’ कुणाच्याही हातात नसलेल्या दुःखासाठी ठेव.

राहिलं कार्ड. तुझ्या मनात ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ हे वाक्य घोळत असणार आणि ते इंग्रजीत आणायला गेलं की ‘आय ॲम सॅडली टु इन्फॉर्म’ असं काहीतरी तयार होतं. तसं इंग्रजीत होत नाही. आणि तुला आता कळवायचं काही नाहीच, तिला बातमी ठाऊक आहे. तेव्हा ‘आय वॉज सो सॉरी अबाउट युअर डॅड’ एवढ्यावर सुरुवात कर. ‘सॅड डिमाइझ’ नको, ‘मे हिज सोल रेस्ट इन पीस’ही नको, कारण ते कुटुंब धार्मिक आहे की नाही तुला माहीत नाही. त्यानंतर एक खरी गोष्ट लिही जी फक्त तुला ठाऊक आहे. समज, त्यांना चहात दोन चमचे साखर हवी असायची आणि डॉक्टर फिरकले की ते कप झाकायचे. अशी एखादी. तिला ती कुणी सांगितलेली नसेल. आजाराबद्दल, औषधांबद्दल, शेवटच्या तासांबद्दल मात्र कार्डात एक अक्षरही नको. ते तिला विचारायचं असेल तर ती वॉर्डाला विचारेल.

फोनवरच्या त्या गोंधळाबद्दल लिहावं का, असं तुला वाटत असेल, तर एक ओळ लिही: ‘आय ॲम सॉरी आय डिड नॉट पुट इट मोअर क्लिअरली दॅट मॉर्निंग.’ तिच्या आठवणीत ती सकाळ कायमची राहणार आहे आणि ही ओळ वाचून तिला बरंच वाटेल. शेवटी ‘विथ लव्ह’ नको, ‘थिंकिंग ऑफ यू अँड युअर फॅमिली’ पुरे. खाली तुझं पहिलं नाव आणि वॉर्डाचं नाव. घरचा पत्ता किंवा फोन नंबर देऊ नकोस. पाकीट बंद करण्याआधी मॅनेजरला दाखव. काही वॉर्डांत अशी कार्डं सगळ्यांच्या सहीने जातात, आणि त्या रात्री तुझ्याबरोबर ड्यूटीवर असलेल्यांनाही त्यावर सही करावीशी वाटेल.